माउथपीसला कल्हई

माउथपीस जागेवर नाही हे मला कळलं तेव्हा त्याचा मालक माझ्या ओट्यावर बसून बूट काढत होता.

सकाळी पाळीवर जाताना मी तो फडक्यात गुंडाळून फडताळाच्या वरच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे ठेवला होता. फडकं होतं, नीट घडी घातलेलं. आत काही नव्हतं. मी डबे हलवले, खालची फळी बघितली, परत वरची बघितली. मग मागच्या दाराशी गेलो. हौसा तिथे तूर पाखडत बसली होती.

"हौसा, फडक्यात एक पितळेची वस्तू हुती. कुटं गेली?"

"ती तोटी व्हय?" सूप न थांबवता ती म्हणाली. "कल्हईला दिली."

"कशाला दिली?"

"कल्हईला. दस्तगीर आलाय न्हवं सकाळी. दोन पातेली, एक तपेलं, परात आन ती तोटी."

"अगं, ते त्या पाव्हण्यांचं वाजवायचं हाय!"

"ठावं हाय की मला."

"ठावं असून दिलंस?"

आणि मी ओरडलो. येडी का खुळी तू, ते काय आमटीचं पातेलं हाय, अक्कल कुटं ठेवून आलीस, असं बरंच काही. ओट्यावर रेमिहिओ होता, त्याच्याशेजारी दुभाषी टिपणीसबाई होत्या, कुंपणापलीकडे माळीवहिनी कपडे वाळत घालत होत्या. सगळ्यांनी ऐकलं. रेमिहिओला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण तो एक बूट हातात धरून उभा राहिला.

हौसाने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"पाण्याच्या टाकीखाली बसलाय दस्तगीर," ती म्हणाली. "जावा, जाऊन आना." आणि सूप परत उचललं.

याला चौतीस वर्षं झाली. हौसा जाऊन सात महिने झाले. मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होतो आणि कारखान्याच्याच कॉलनीत राहत होतो. नाव तातोबा लोहार, पण सगळे मिस्त्री म्हणायचे. त्या वर्षी कारखान्याचा रौप्यमहोत्सव होता. आमचे चेअरमन ऊस बघायला क्युबाला जाऊन आले होते आणि येताना तिकडच्या लोकांना आमंत्रण देऊन आले होते. लोकांना वाटलं, ऊसवाले येणार. ऊसवाले चार आले आणि वाजवणारे नऊ. दिल्ली, मुंबई करून ते आमच्याकडे आले होते. इथून पुढे बंगलोर आणि मद्रास.

रेमिहिओ त्यांच्यातला ट्रंपेटवाला. पंचेचाळिशीचा, उंच, कानाजवळचे केस पांढरे झालेले. कोल्हापूरहून येताना जीप खड्ड्यात आदळली, पेटी खाली पडली आणि ट्रंपेटचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायची ती छोटी वाटी, नळीत घट्ट रुतून बसली. कल्हईच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला आमचे चीफ इंजिनिअर घोरपडेसाहेब ते वाद्य घेऊन स्वतः वर्कशॉपमध्ये आले.

"मिस्त्री, हे निघतंय का बघा. जोर लावू नका. हे मोडलं तर चेअरमन मला मोडतील."

वर्कशॉपमधली सगळ्यात लहान हातोडीसुद्धा त्या कामाला मोठी होती. माझ्या वडिलांची लाकडी हातोडी घरी होती, ओट्यावर वस्तू पकडायचा छोटा वाईसही बसवलेला होता. म्हणून मी वाद्य घरी आणलं. रेमिहिओ ट्रंपेट नजरेआड होऊ द्यायला तयार नव्हता, म्हणून तोही आला, आणि तो आला म्हणून पुण्याच्या टिपणीसबाई आल्या. त्या स्पॅनिश शिकवायच्या. तिशीच्या आत होत्या, आणि दिवसभर दोन्हीकडचं बोलून त्यांचा घसा बसला होता.

नळीवर गरम पाणी सोडलं, वाटीला गार फडकं बांधलं आणि चहूबाजूंनी हळूहळू ठोकलं. दहा मिनिटांत माउथपीस हातात आला. रेमिहिओने तो हलकेच लावून एक सूर वाजवून बघितला आणि मला मिठी मारली. माझे हात तेलकट होते, त्याचा शर्ट पांढरा होता.

माझी एक सवय होती. काम शिकवणाऱ्या उस्तादाने लावलेली. कुठलीही वस्तू उघडली की पहिल्यांदा तिचं माप लिहून ठेवायचं, मग पुढचं काम. मी भोकात वेगवेगळ्या मापांचे ड्रिल घालून बघितले. साडेतीन मिलिमीटरचा सैल जात होता. तीन पॉइंट सहाचा बेतशीर बसत होता. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलं, भोक ३.६. माउथपीसच्या वाटीचा काठ झिजलेला होता, वरचं चांदीचं पाणी कधीच गेलं होतं, पितळ उघडं पडून त्याला बारीक खड्डे पडले होते. नळीत जाणाऱ्या दांड्याचं टोक चेपलं होतं. उजेड कमी होत आला होता. मी टिपणीसबाईंना म्हणालो, "टोक सकाळी उजेडात गोल करतो. उद्या दुपारी या."

रेमिहिओने दोनदा विचारलं, नक्की ना. मग माउथपीस माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

हौसाने त्यांना तसंच जाऊ दिलं नाही. आख्खा मसूर, भाकरी आणि ठेचा. पाहुणा पाटावर मांडी घालून बसला, भाकरी मोडली आणि दुधात बुडवून खायला लागला. मसुराला बोट लावलं नाही.

"तिखट कमी घातलंय म्हनावं," हौसा टिपणीसबाईंना म्हणाली. तिला ते लागलं होतं.

टिपणीसबाईंनी विचारलं. त्याने ओठांकडे बोट दाखवलं. वरच्या आणि खालच्या ओठावर, वाटीच्या काठाएवढ्या गोलात, कातडी लाल होऊन चिरली होती.

"वर्ष झालं म्हणतात," टिपणीसबाई म्हणाल्या. "मलमं झाली, गोळ्या झाल्या. तिखट, मीठ, लिंबू काही लावता येत नाही."

"फुंकून फुंकून झालं असंल," मी म्हणालो.

हौसा वाढायचं सोडून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला म्हणावं लागलं, "वाढ की." मग तिने दुधाचं पातेलं जवळ ओढलं आणि त्याला आणखी दूध घातलं. पाहुणे निघाले तेव्हा मी वाईसजवळ ठेवलेला माउथपीस उचलून तिने उलटसुलट करून बघितला. मी म्हणालो, "हात लावू नको त्याला." तिने ठेवला.

जेवताना त्याने त्याची हकीकत सांगितली. तो साखर कारखान्याच्या चाळीतच जन्मलेला. अशीच चिमणी, असाच मळीचा वास. आमच्या फाटकातून आत येताना तो वास आला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं, म्हणाला. बाप ऊस तोडायचा. बापाच्या आज्याला आफ्रिकेतून जहाजात घालून उसासाठीच आणलेलं. कारखान्याचा स्वतःचा बँड होता आणि त्याचा मास्तर कासिमिरो नावाचा म्हातारा. त्याने नऊ वर्षांच्या रेमिहिओला ट्रंपेट दिला. त्या ट्रंपेटला भोक होतं, ते मेणाने बुजवलेलं. ऊन वाढलं की मेण वितळायचं आणि दुपारचं वाजवणं बंद.

सतराव्या वर्षी तो हवानाला गेला. निघताना कासिमिरोने स्वतःचा माउथपीस काढून त्याला दिला. तिथे तो नाचघरात वाजवायला लागला, मग रेडिओच्या ताफ्यात गेला. त्यांच्याकडचं नाचाचं संगीत असतं, बाहेरचे लोक ज्याला साल्सा म्हणतात, ते वाजवायचं, आणि ते संपवून मित्रांबरोबर जॅझ. दहा-बारा देश झाले. सोळा वर्षं तो ताफ्याचा पहिला ट्रंपेट होता. पहिल्या खुर्चीवर बसणारा वरचे सूर घेतो, आणि वरचे सूर जो घेतो त्याच्यावर सगळ्यांची भिस्त असते.

"लगीन झालंय का विचारा," हौसा म्हणाली.

"दोनदा, म्हणतात. दोघींनाही ट्रंपेटचा कंटाळा आला."

"मग बरंय. हितं एकीलाच हातोडीचा कंटाळा आलाय."

टिपणीसबाईंनी सांगितल्यावर तो हसला आणि लगेच ओठांवर हात दाबला.

तो हात धुवायला गेला तेव्हा टिपणीसबाईंनी मला हळूच सांगितलं. शेवटच्या गाण्यात सगळे ढोल थांबतात आणि ट्रंपेट एकट्याने वरच्या सुराला जाऊन तिथे थांबतो. दिल्लीत तो सूर फुटला. मुंबईतही फुटला. त्यांच्या म्होरक्याने सांगितलंय, इथे फुटला तर बंगलोरपासून पहिल्या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल. आणि एकदा उठवलं की परत कुणी बसवत नाही.

"ह्यांचा म्होरक्या वाईट माणूस दिसतोय," मी म्हणालो.

"नाही हो. रडत रडत सांगितलं त्यांनी."

तर असा तो माउथपीस. तो कल्हईवाल्याकडे गेला होता आणि कार्यक्रम साडेपाचला होता. तेव्हा पाऊण वाजला होता.

आम्ही तिघं टाकीकडे निघालो. टिपणीसबाई चालता चालता त्याला समजावत होत्या आणि मध्येच मला विचारत होत्या.

"मिस्त्री, कल्हईला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात मला खरंच माहीत नाही. आतून चांदीसारखा लेप देतात असं सांगितलं. ते विचारतात, कशाला?"

"पितळेत आंबट कळकतं म्हणून. पोटात गेलं तर बाधतं."

"ते विचारतात, ट्रंपेटमध्ये कोण जेवतं?"

मला हसू आलं नाही.

दस्तगीर टाकीच्या सावलीत बसला होता. भाता, कोळसे, नवसागराचा डबा, समोर कॉलनीतली भांडी उपडी घातलेली. मिरजेकडचा माणूस, वर्षातून दोनदा यायचा आणि आठवडाभर राहायचा. मला बघून त्याने पाण्याच्या बादलीत हात घातला आणि माउथपीस वर काढला.

चकचकीत. वाटीत बघितलं तर तोंड दिसेल असा.

"असलं कथील मी माझ्या सासऱ्याच्या डेगीला बी लावलं न्हाई, मिस्त्री. भाभी सांगून गेली न्हवं, काठ लोन्यावानी पायजे, व्हटाला लागला न्हाई पायजे. दोनदा हात फिरवलाय."

मी माउथपीस उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. भोकात कथील जाऊन बसलं होतं. दांडाही जाड झाला होता; नळीत गेलाच नसता.

मी तो रेमिहिओच्या हातात दिला. त्याने डोळ्याला लावून बघितला, मग तोंडाला लावून फुंकला. हवा गेली नाही. तो टाकीच्या खांबाला टेकून खाली बसला. पांढऱ्या पॅन्टने, कोळशाच्या राखेत. दस्तगीरने माझ्याकडे बघितलं.

"काय चुकलं का, मिस्त्री?"

"तुझं न्हाई चुकलं," मी म्हणालो.

रेमिहिओ हळू आवाजात काही बोलला. टिपणीसबाईंनी त्याच्याजवळ वाकून ऐकलं.

"ते म्हणतात, कासिमिरोने देताना एकच गोष्ट सांगितली होती. हा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको."

"दुसरा नाही का यांच्याकडे?"

"पेटीत आहे एक. पण ओठ याला बसलेत. दुसऱ्यावर वरचा सूर लागायला महिना जातो."

मी म्हणालो, "घरी चला. कथील मऊ असतं. ते काढता येतं."

वाईसमध्ये लाकडाचे दोन तुकडे घालून मी माउथपीस हलकेच पकडला. मशीन लावायचा प्रश्नच नव्हता. एक केस इकडेतिकडे झाला असता तर भोक मोठं झालं असतं, आणि मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. ड्रिल बोटांत धरला, तीन पॉइंट सहाचा. चौकटीवरचा आकडा परत वाचला. अर्धा फेरा फिरवायचा, बाहेर काढायचा, पुसायचा, परत अर्धा फेरा. कथिलाचे केसासारखे बारीक तुकडे पडत होते. रेमिहिओ शेजारी उकिडवा बसून माझ्या बोटांकडे बघत होता. एकदा त्याने विचारलं, चौकटीवर काय लिहिलंय. टिपणीसबाईंनी सांगितलं. त्याने उठून त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि परत येऊन बसला.

आत हौसा भांडी आपटत नव्हती, काही नाही. मध्ये एकदा तिने तीन कप चहा उंबऱ्यावर आणून ठेवला आणि आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

पावणेचारला भोकातून उजेड दिसला. चारला ड्रिल बेतशीर फिरला. दांड्यावरचं कथील गरम करून फडक्याने पुसलं आणि सकाळी राहून गेलेलं टोक गोल केलं. काठाला मी हात लावला नाही. का ते सांगता येणार नाही. वाटीला आणि काठाला कथील तसंच राहू दिलं.

रेमिहिओने ट्रंपेटला माउथपीस बसवला. ओठांवरून जीभ फिरवली. काठ ओठांना टेकवला आणि लगेच बाजूला काढला. परत टेकवला, परत काढला. मग काठावरून अंगठा फिरवला, गोल गोल, दोनदा.

"काय झालं?" मी टिपणीसबाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

त्याने एक साधा सूर वाजवला. मग जरा वरचा. माळीवहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. वरचा सूर घ्यायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, तो आता नको. तो संध्याकाळी.

कारखान्याच्या मैदानावर मांडव होता. पुढे चेअरमन, संचालक, उजवीकडे बायका, मागे सभासद, आणि सगळ्यात मागे उसाच्या गाड्यांवर बसलेली तोडणीची माणसं. पहिल्या दोन गाण्यांना लोक नुसते बघत होते. तिसऱ्याला गाड्यांवरची माणसं खाली उतरली आणि आपापल्या परीने नाचायला लागली. मग पुढचेही माना हलवायला लागले. घोरपडेसाहेब टाचेने ठेका धरत होते आणि कुणी बघतंय का ते बघत होते.

मी स्टेजच्या बाजूला, वायरींच्या ढिगाजवळ उभा होतो. हौसा बायकांत दुसऱ्या रांगेत बसली होती. मी ओरडल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

शेवटचं गाणं सुरू झालं हे मला टिपणीसबाईंच्या हातावरून कळलं. त्यांनी मांडवाचा खांब धरला. ढोल वाजत होते, वाजत होते, आणि एकदम थांबले. रेमिहिओ उठून पुढे आला. एक पायरी चढावी तसा तो सूर चढत गेला. मी भोकाचा विचार करत होतो. तीन पॉइंट सहा. अर्धा केस जास्त गेला असेल का? एक तुकडा आत राहिला असेल का? त्याने शेवटचा सूर घेतला आणि तो तिथेच थांबला. त्याचा गळा फुगला. मागे ताफ्यातली माणसं वाद्यं खाली धरून त्याच्याकडे बघत होती. सूर राहिला. आणखी राहिला. मांडवाच्या मागून कुणीतरी "आरं बाबा!" म्हणालं, आणि तरीही तो राहिला. मग त्याने तो आपणहून सोडला आणि ढोल परत सुरू झाले.

फुटला नाही.

मी वायरींवरच बसलो. त्यांचा म्होरक्या वाजवायचं सोडून रेमिहिओच्या गळ्यात पडला होता. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. रेमिहिओने माउथपीस काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि बायकांच्या रांगांकडे बघत राहिला. हौसा दिसल्यावर त्याने दोन बोटं ओठांना लावली आणि मान झुकवली. सगळ्या बायका हौसाकडे बघायला लागल्या. तिने पदर तोंडावर घेतला.

घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती. कॉलनीच्या वळणावर म्हणाली, "आज व्हट दुकलं न्हाईत त्यांचं."

"तुला काय ठावं?"

"डोळं मिटलं न्हाईत त्यांनी. काल वट्यावर वाजवून बघताना मिटलं हुतं."

मला ते दिसलंच नव्हतं. तिची चूक नशिबाने निभावली असं मी धरून चाललो होतो, आणि मोठेपणाने गप्प बसलो होतो.

दोन महिन्यांनी पुण्याहून जाड पाकीट आलं. आत रेमिहिओचं पत्र आणि टिपणीसबाईंनी केलेलं मराठी. ओठ तीन आठवड्यांत बरे झाले होते. हवानाच्या डॉक्टरने विचारलं, हा लेप कुणी सुचवला. काही माणसांच्या कातडीला उघडं पितळ सोसत नाही, त्यात काठाला खड्डे, ते रोज ओठ कापत होते. वर्षभर सगळेजण औषध ओठांना लावत होते आणि आजार वाटीत होता. पहिली खुर्ची अजून त्याचीच होती. शेवटी लिहिलं होतं: सेन्योरा हौसांना विचारा, त्यांना कसं कळलं?

मी मोठ्याने वाचलं. हौसा तांदूळ निवडत होती.

"कसं कळलं तुला?"

"माझा बाप शिंग वाजवायचा," ती म्हणाली. "जत्रंत आमच्या घराला मान हुता. दर साली जत्रा झाली की व्हट असंच चिरायचं. आय शिंगाच्या तोंडाला कल्हई लावून घ्यायची. मग न्हाई व्हायचं."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. ते शिंग वाजवायचे हे मला माहीत नव्हतं.

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

"मग त्या दिवशी तरी सांगायचं."

"सांगू दिलंत व्हय? सगळ्या कॉलनीपुढं अक्कल हुडकत हुता माझी."

मी पत्राची घडी घालत बसलो. ती म्हणाली, "त्यास्नी लिवा, कथील झिजलं की परत लावून घ्या म्हनावं. झिजतंय ते."

पुढच्या खेपेला दस्तगीर आला तेव्हा भांडी मी स्वतः डोक्यावर घेऊन टाकीकडे गेलो. माळीवहिनी तिथे होत्या, आणखी चार बायका होत्या. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "दस्तगीर, बाईनं सांगितलंय तसं कर. मला इचारू नको, मला काय कळत न्हाई." बायका हसल्या. घरी मी पोचायच्या आत हौसाला कळलं होतं. त्या दिवशी जेवायला तिने माझी आवडती अंडी केली.

रेमिहिओने पुढे एकोणीस वर्षं पहिल्या खुर्चीवर वाजवलं. दर वर्षी टिपणीसबाईंच्या पत्त्यावर त्याचं कार्ड यायचं, आणि दर कार्डात हौसाला नमस्कार. कल्हई झिजली तेव्हा तिकडच्या एका डबे बनवणाऱ्याकडून त्याने कथील लावून घेतलं होतं. तो डबेवालाही पुढे वारला. मग रेमिहिओने वाजवायचं सोडलं आणि शिकवायला लागला.

दिवाळीनंतर टिपणीसबाई इचलकरंजीला आल्या. मी आता इथे मुलीजवळ राहतो. त्याही आता म्हाताऱ्या झाल्यात, हातात काठी आहे. त्यांची एक विद्यार्थिनी हवानाला जाऊन आली होती, तिच्याबरोबर रेमिहिओने डबी पाठवली होती. डबीत कासिमिरोचा माउथपीस. त्याची नात ट्रंपेट वाजवते आणि येत्या वर्षी एका ताफ्यात बसणार आहे, माउथपीस तिला द्यायचाय, पण काठ परत उघडा पडलाय. सेन्योरा हौसांना सांगून एकदा कल्हई करून पाठवावी, असं चिठ्ठीत होतं.

टिपणीसबाईंना हौसाचं माहीत नव्हतं. माझ्याकडून कळल्यावर त्यांनी डबीचं झाकण लावलं. त्यांनी विचारलं, त्यांना मी कळवू का? मी म्हणालो, नको, मी लिहितो.

कल्हईवाले आता येत नाहीत. दस्तगीरच्या नातवाचं मोबाइलचं दुकान आहे, मिरजेला. मी तिथे गेलो. त्याने माळ्यावरून आजोबांची पेटी काढून दिली. त्यात कथिलाची अर्धी कांडी आणि नवसागराचा डबा होता. मुलीच्या गॅसपाशी मी बसलो. घरभर धूर झाला, ती ओरडली, नवीन शेगडी खराब केली म्हणून. पहिल्यांदा कथील गोळा होऊन बसलं. दुसऱ्यांदा काळं पडलं. तिसऱ्यांदा कापसाचा बोळा फिरवला आणि ते पसरलं, चकचकीत, काठावर लोण्यासारखं. अंगठा फिरवून बघितला. कुठे लागलं नाही.

भोकाचं माप चौकटीवर होतं आणि कॉलनीतलं ते क्वार्टर दुसऱ्याच्या नावावर होऊन सोळा वर्षं झाली. पण ते मला वाचायला लागलं नाही. तीन पॉइंट सहा. ड्रिल बोटांनीच फिरवला, अर्धा अर्धा फेरा. हात थरथरतात आता, म्हणून दोन दिवस लागले. उजेड दिसला तेव्हा बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

माउथपीस डबीत घातलाय. टिपणीसबाई परवा माणूस पाठवतील. बरोबर द्यायचं पत्र मी लिहायला घेतलंय. कल्हई झाली, भोक मापात आहे, काठाला कानस लावू नये, झिजली की परत लावून घ्यावी, नातीला आशीर्वाद, एवढं लिहून झालंय.

हौसा गेली हे लिहायचं अजून राहिलंय.